डोंगराचं पाणी नक्की कुठं मुरतं? हिमालयातले आटते झरे आणि आपलं ‘माथा ते पायथा’

नौलाकाठ (धागाकर्ती)

हिमालयाचं पाणी म्हटलं की आपल्याकडे बातम्या येतात त्या हिमनद्यांच्या. ४ ऑक्टोबर २०२३ ला सिक्कीममध्ये दक्षिण ल्होनाक सरोवर फुटलं, चुंगथांगचं धरण वाहून गेलं, तेव्हा सगळीकडे चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण मी कामानिमित्त उत्तराखंडातल्या कुमाऊँमध्ये राहते, आणि इथल्या मधल्या उंचीवरच्या गावांत हिमनदीचं पाणी कुणीच पीत नाही. नदी खोल दरीत वाहते, गाव वर डोंगराच्या धारेवर. नदी डोळ्यांना दिसते पण हंड्यात येत नाही. हंड्यात येतं ते झऱ्याचं पाणी. हे झरे गेल्या काही दशकांत मुकाट्याने आटत चाललेत. त्यांचा पूर येत नाही, त्यांचे फोटो निघत नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल लिहायला बसले.

नीती आयोगाच्या २०१८ च्या अहवालानुसार देशात सुमारे ५० लाख झरे आहेत आणि त्यांतले जवळपास ३० लाख एकट्या भारतीय हिमालयात. त्यातले जे बारमाही होते, त्यांपैकी निम्म्याच्या आसपास आटले किंवा फक्त पावसाळ्यापुरते उरले, असंही तो अहवाल सांगतो.

कुमाऊँमध्ये झऱ्याचे दोन प्रकार लोक वेगळे ओळखतात. वाहता असेल तर धारा. दगडाच्या नळीतून, कधी सिंहाच्या किंवा गाईच्या मुखातून पडणारा. आणि झिरपून साठणारा असेल तर नौला. नौला म्हणजे डोंगराच्या कुशीत खणलेलं, खाली निमुळतं होत जाणारं, पायऱ्या-पायऱ्यांचं छोटं कुंड. वर दगडी छप्पर, तीन बाजूंनी भिंती, आत बहुधा विष्णूची मूर्ती. लग्न होऊन आलेली नवरी सासरच्या धाऱ्याची किंवा नौल्याची पूजा करते. नौल्याच्या भिंतीतले दगड चुना-सिमेंट न लावता रचलेले असतात, कारण पाणी त्या सांध्यांमधूनच आत येतं. मागच्या काही वर्षांत ‘सुशोभीकरण’ म्हणून अशा अनेक नौल्यांना आतून सिमेंटचा गिलावा आणि खाली काँक्रीटचा तळ केला गेला. पाण्याची वाटच बुजली. हेतू चांगला, पैसा सरकारी, आणि नौला कोरडा. असे नौले पाहिले की जीव तुटतो.

आटण्याची कारणं एकात एक गुंतलेली आहेत. पाऊस थोड्या दिवसांत, मोठ्या सरींनी पडतो आणि उतारावरून धावत सुटतो. हिवाळ्यातला संथ पाऊस आणि हलका बर्फ, जो जमिनीत मुरायला सगळ्यांत उपयोगी, त्याचा भरवसा राहिलेला नाही. डोंगरमाथ्यावरच्या चाल-खाल, म्हणजे म्हशी डुंबायच्या त्या लहान तळ्या, बुजल्या, कारण जनावरं कमी झाली आणि गाळ काढणारे हात शहरांत गेले. रस्त्यासाठी डोंगर कापला की झऱ्याची शीर कापली जाते. आणि जिथे पाणी मुरतं नेमकं तिथेच, माथ्यावर, देखावा चांगला म्हणून रिसॉर्ट होतात आणि त्यांच्या बोअर जातात.

पण मला आज ज्या मुद्द्यावर तुमच्याशी बोलायचंय तो वेगळा आहे. झरा आटला की संस्था, पंचायत, खातं सगळ्यांचा पहिला विचार एकच असतो: झऱ्याच्या वरच्या उतारावर चर खणू, झाडं लावू. आपण महाराष्ट्रातली माणसं तर हे फार सहज म्हणतो, कारण ‘माथा ते पायथा’, म्हणजे डोंगरमाथ्यापासून खालपर्यंत पाणी अडवत येणं, आपल्या अंगवळणी पडलंय. सह्याद्रीत ते बऱ्याच ठिकाणी बरोबरही ठरतं. आपला बसाल्ट थरांवर थर असा जवळपास आडवा पसरलाय. वरच्या पठारावर मुरलेलं पाणी खालच्या टणक थरावर अडतं आणि त्याच डोंगराच्या कडेला बाहेर येतं.

हिमालयातला खडक आडवा नाही. दाबला गेलेला, घड्या पडलेला, तिरपा. वह्यांची चळत टेबलावर सपाट असेल तर पाणी पानांवर पसरेल. तीच चळत एका बाजूने उचला, पाणी पानांच्या मधून दुसऱ्या टोकाला निघून जाईल. म्हणजे माझ्या गावच्या झऱ्याचं पाणी पलीकडच्या गावच्या उतारावर मुरत असू शकतं. मग आम्ही आमच्या उतारावर कितीही चर खणले तरी ते पाणी खडकाच्या कलाने पलीकडच्या दरीत उतरणार. मजुरी मिळेल, फोटो निघतील, झरा तसाच राहील. पाणलोटाची सीमा जमिनीच्या वरच्या आकारावरून ठरते. झऱ्याचं क्षेत्र जमिनीच्या आतल्या रचनेवरून ठरतं. दोन्ही एकच असतील असं गृहीत धरून डोंगरात पैसा घालणं बंद झालं पाहिजे, हे माझं ठाम मत आहे.

हे जिथे नीट झालं ते राज्य सिक्कीम. तिथली ग्रामीण भागातली सुमारे ८० टक्के घरं झऱ्यांवर अवलंबून. दक्षिण आणि पश्चिम सिक्कीमचा खालचा पट्टा दार्जिलिंगच्या डोंगरांच्या पर्जन्यछायेत येतो, तिथे ऑक्टोबर ते एप्रिल हाल. २००८ मध्ये तिथल्या ग्रामविकास खात्याने ‘धारा विकास’ सुरू केलं, रोजगार हमीच्या पैशातून. वनसेवेतले अधिकारी संदीप तांबे यांनी त्याचं नेतृत्व केलं. आधी झऱ्यांची नोंद, मग खडकाचा कल पाहून मुरण्याची जागा शोधणं, मग तिथेच चर आणि खड्डे. हे खडक वाचायचं शिक्षण देणाऱ्यांत आपल्या पुण्याची ‘अॅक्वाडॅम’ ही संस्था होती, १९९८ पासून भूजलावर काम करणारी. पहिल्या काही वर्षांत ५० झरे आणि डोंगरमाथ्यावरची ४ तळी त्यांनी हाती घेतली, आणि मुरवलेल्या पाण्याचा खर्च लिटरमागे साधारण १ पैसा आला. टँकरशी तुलना करून पाहा.

इथल्या डोंगरी गावांतल्या सभासदांनी आपापला अनुभव लिहावा. विशेषतः चर खणूनही पाणी वाढलं नाही असं झालं असेल तर.

---

सातारी_माती

ताई, फार दिवसांनी असं वाचायला मिळालं. आमचं गाव जावळी तालुक्यात. आमच्याकडं समतल चर खणले, माती नाला बांध घातले, आणि विहिरींना खरंच फरक पडला. फेब्रुवारीत तळ दिसायचा, आता एप्रिल निघतो. त्यामुळं ‘माथा ते पायथा’ला नावं ठेवलेली मनाला लागतात. लोकांनी उन्हातान्हात श्रमदान केलंय.

पण एक गोष्ट तुमचं वाचून डोक्यात आली. गावात वरच्या आळीला एक जुना झरा आहे, देवीच्या देवळामागं. विहिरींना पाणी वाढलं, त्या झऱ्याला नाही. तो उलट कमीच होत गेलाय. आम्ही म्हणायचो देवीचा कोप. आता वाटतंय काहीतरी वेगळं कारण असावं.

---

नौलाकाठ

दादा, नावं अजिबात ठेवत नाहीये. तुमच्या विहिरींना फायदा झाला हे त्या श्रमदानाचंच फळ आहे. मी म्हणतेय ते एवढंच की विहीर आणि झरा यांना पाणी एकाच थरातून येतं असं नाही. देवळामागचा झरा विहिरींपेक्षा किती उंचावर आहे? आणि त्याच्या वर पठार आहे का, त्या पठारावर सध्या काय चाललंय?

---

सातारी_माती

वर पठार आहे. जांभ्याचं, काळपट-तांबडं, पावसाळ्यात फुलं येतात. विहिरी गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी. पठारावर आधी नुसती चराई होती. आता प्लॉट पडलेत, दोनतीन बंगले झालेत, त्यांच्या बोअरी आहेत.

---

खडकवेडा

भूगर्भशास्त्र शिकवण्यात सगळी नोकरी सरली, म्हणून लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

सातारी दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा त्या पठारातच आहे. महाबळेश्वर, पाचगणी, कास या सगळ्या माथ्यांवर जांभ्याची टोपी आहे. जांभा सच्छिद्र, पाणी पिऊन घेतो. त्याच्या तळाशी चिकणमातीचा थर असतो, तो पाणी खाली जाऊ देत नाही. म्हणून पाणी त्या सांध्यावरून कडेकडेने चालत येतं आणि जिथे सांधा उघडा पडतो तिथे झरा फुटतो. तुमच्या देवळामागचा झरा असाच सांध्यावरचा असणार. चर तुम्ही त्याच्या खालच्या उतारावर खणलेत, म्हणून विहिरी भरल्या. झऱ्याची कोठी वर जांभ्यात आहे आणि तिथे आता बोअर उतरल्या आहेत. बोअरने चिकणमातीचा थर भेदला आणि नीट केसिंग, म्हणजे भोकात बसवायची नळी, घातलं नसेल, तर वरचं पाणी त्याच भोकातून खाली निघून जातं. बंगलेवाल्याने एक बादलीही उपसली नाही तरी झरा मरू शकतो.

नौलाकाठ ताईंच्या मांडणीत एक भर घालतो. बसाल्ट आडवा म्हणून सह्याद्रीत नेहमीच सोपं, असं समजू नये. पनवेलच्या बाजूला थर पश्चिमेकडे चांगलेच कललेले आहेत. धुळे-नंदुरबारकडे डाइक आहेत, म्हणजे खडकात उभ्या घुसलेल्या भिंती. त्या पाणी अडवतात किंवा भलतीकडे वळवतात. आणि थर आडवे असले तरी सगळे सारखे नाहीत. काळ्या पाषाणात फक्त भेगांमधून पाणी जातं, मांजऱ्या खडक कुजलेला असेल तर त्यात बरं साठतं, दोन थरांच्या मधली तांबडी माती बहुतेकदा पाणी अडवते. विहिरीच्या कडा उघड्या डोळ्यांनी पाहिल्या तरी हे थर मोजता येतात.

पाणी कुठं मुरतं हे ठरवायचा आणखी एक मार्ग आहे, त्याचा संबंध मुंबईशी आहे म्हणून सांगतो. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने उत्तराखंडात चमोली जिल्ह्यातल्या गौचर भागात झऱ्यांच्या पाण्यातले समस्थानिक तपासले. ढग जसजसा डोंगर चढतो तसतसा जड ऑक्सिजन आणि जड हायड्रोजन असलेलं पाणी आधी गळून जातं, म्हणून जितक्या उंचीवर पाऊस पडला तितकं ते पाणी हलकं. झऱ्याच्या पाण्याची ती खूण पाहून ते किती उंचीवर मुरलं हे सांगता येतं. त्या उंचीवर तिथल्या स्थानिक संस्थेने बंधारे आणि चर केले आणि झऱ्यांचा प्रवाह वाढला. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झालं आहे. प्रत्येक गावाला हे परवडणार नाही, पण तत्त्व सिद्ध झालंय.

---

सडेकर

रत्नागिरीहून. आमच्याकडे सड्याखाली, म्हणजे जांभ्याच्या पठाराखाली, प्रत्येक वाडीला झरा असायचा. पऱ्याला (ओढ्याला) बारमाही पाणी, त्यावर माडा-पोफळीची बागायत, पाट काढलेले. आता सड्यावर चिरेखाणी. खडकवेडा सर म्हणतात ती कोठीच आम्ही तुकडे करून ट्रकातून विकतोय. खाण संपली की खड्ड्यात पावसाचं पाणी साचतं, लोक म्हणतात बघा, तळं झालं. पण खाण चिकणमातीपर्यंत खाली गेली असेल तर मुरायला जांभा उरलेलाच नसतो, ते पाणी उन्हाने उडून जातं.

३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि मे महिन्यात टँकर. हे वाक्य लिहितानासुद्धा संताप येतो.

---

नितळ

सगळं पटतंय, पण मूळ प्रश्न हवामानबदलाचा नाही का? हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्या आधीच्या दशकापेक्षा २०११ ते २०२० मध्ये ६५ टक्के जास्त वेगाने वितळल्या, हा काठमांडूच्या ‘इसिमोड’ या पर्वतांवर काम करणाऱ्या संस्थेचा २०२३ चा अहवाल आहे. पाऊसच बदलत असेल तर गावाने खड्डे खणून काय साधणार? सगळा भार गावावर टाकून मोठे प्रकल्प आणि मोठी राष्ट्रं मोकळी सुटतात असं वाटतं.

---

नौलाकाठ

नितळ, तुमची शेवटची ओळ मी पूर्ण मान्य करते. जोशीमठ आठवा. ते गाव जुन्या भूस्खलनाच्या राडारोड्यावर वसलंय, तिथे जड बांधकाम करू नका असं मिश्रा समितीने १९७६ मध्ये सांगितलं होतं. डिसेंबर २००९ मध्ये तपोवन-विष्णुगाड प्रकल्पाच्या बोगद्याच्या यंत्राने डोंगरातला जलधर, म्हणजे पाणी धरून ठेवणारा खडकाचा थर, फोडला आणि दिवसाला ६ ते ७ कोटी लिटर पाणी वाहून जाऊ लागलं. इतकं पाणी कुठलंही गाव चर खणून परत भरू शकत नाही. अशा प्रकल्पांना परवानगी देताना झऱ्यांची नोंद आणि खडकाची तपासणी सक्तीची हवी, आणि नुकसान झालं तर भरपाईही.

तरीही गावाने वाट पाहत बसावं असं मी म्हणणार नाही. हिमनदी वितळणं गावाच्या हातात नाही, झऱ्याचं क्षेत्र बऱ्याच अंशी आहे. ते बहुतेकदा काही हेक्टरांचं असतं. पाऊस मोजक्या दिवसांत पडणार असेल तर तेवढ्या जागेत तो थांबवण्याची गरज वाढते, कमी होत नाही.

जोशीमठवरून एक सावधगिरीही लिहून ठेवते. प्रत्येक उतारावर पाणी मुरवू नये. भूस्खलनाच्या सैल मातीत, तीव्र उतारावर चर खणले तर ती माती पाणी पिऊन जड होते आणि घसरते. खाली घरं असतील तर हा खेळ नको.

---

देवदार७

चीडच्या (डोंगरी पाइनच्या) झाडांबद्दल कुणी बोललं नाही. उत्तराखंडात प्रत्येक माणूस सांगतो की चीड पाणी पिते आणि बांज (ओक) पाणी देतो. हे कितपत खरं?

---

नौलाकाठ

बांजच्या जंगलातली माती हातात घेतली की फरक कळतो. पानांचा थर, खाली काळी, ओलसर, मऊ माती. पाणी त्यात थांबतं. चीडखाली पिरूलचा, म्हणजे सुईसारख्या पानांचा, थर पडतो, उन्हाळ्यात तो पेट घेतो आणि वणव्यानंतर जमीन उघडी पडते. त्यामुळे लोकांचं म्हणणं अनुभवातून आलंय. पण सगळा दोष चीडवर टाकणं मला योग्य वाटत नाही. इंग्रजांच्या वनखात्याने लाकूड आणि राळेसाठी चीडला बढती दिली, गावांचे जंगलावरचे हक्क काढून घेतले. १९२१ मध्ये कुमाऊँच्या लोकांनी जंगलं पेटवली ती त्या रागातून, आणि त्यानंतर १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम आले. चांगली चालणारी वनपंचायत असेल तिथे बांज टिकलाय. म्हणजे झाडाइतकाच प्रश्न जंगल कुणाच्या ताब्यात आहे याचा आहे.

आणि बांज लावून झरा येईल असं म्हणणाऱ्याने हेही सांगावं की ते जंगल उभं राहायला दोन पिढ्या जातात. तोवर खड्डे लागतीलच. पौडी गढवालमध्ये उफरैंखालला शिक्षक सच्चिदानंद भारती यांनी दोन्ही एकत्र केलं: गावागावांतल्या बायकांच्या गटांनी झाडंही लावली आणि हजारो छोटे खड्डेही खणले. तिथला कोरडा ओढा पुन्हा वाहू लागला, त्याला त्यांनी गाडगंगा नाव दिलं.

---

पाटकरी

मी धुळ्याचा. आमच्याकडे पांझरेवरच्या फड पद्धतीत पाटकरी, हवालदार, जागल्या अशी माणसं नेमलेली असायची आणि पाणी पाळीने मिळायचं. हिमाचलात कांगड्याला गेलो होतो तिथे कुहल पाहिले, डोंगरातून काढलेले पाट. पाण्याची पाळी सांभाळणाऱ्याला तिथे कोहली म्हणतात. इतक्या लांब, इतकी सारखी व्यवस्था पाहून भरून आलं.

म्हणून विचारतो, झऱ्याचं पाणी वाढलं तर त्याची वाटणी कोण करतं? वरच्या गावाने खड्डे खणायचे आणि पाणी खालच्या गावाला, हे वरचं गाव का ऐकेल?

---

नौलाकाठ

सगळ्यांत अवघड प्रश्न तुम्ही विचारलात. खडक समजणं त्यामानाने सोपं. आमच्या भागात जिथे जमलं तिथे वरच्या गावाला खड्ड्यांच्या कामाची मजुरी आणि गवत कापायचा हक्क मिळाला, त्या बदल्यात काही वर्षं चराईबंदी त्यांनी पाळली. जिथे हे न बोलता काम रेटलं, तिथे पुढच्याच वर्षी खड्ड्यांत दगड भरलेले दिसले. वरच्यांचा राग चुकीचा नव्हता.

---

माहेरवाशीण

शौचालयांचं काय? माझ्या आजोळी (पाटण तालुका) झऱ्याच्या वरच्या अंगाला घरं वाढलीत आणि सगळ्यांचे शोषखड्डे आहेत. पाणी दिसायला स्वच्छ आहे.

---

खडकवेडा

ताई, दिसण्यावर जाऊ नका. जांभ्यात आणि भेगाळ खडकात पाणी गाळलं जात नाही, वाट मिळेल तिथून झपाट्याने जातं. शोषखड्ड्यातलं थेट झऱ्यात येऊ शकतं. ग्रामपंचायतीला पाण्याचा नमुना तपासून घेता येतो, जिवाणूंची तपासणी आवर्जून करायला सांगा, आणि पहिल्या जोराच्या पावसानंतर पुन्हा एकदा. शिमल्यात २०१५ च्या अखेरीस काविळीची साथ आली ती सांडपाणी अश्वनी खड्ड या ओढ्याच्या पाण्यात मिसळल्यामुळे. डोंगरात वरच्याचं खालच्याला प्यावं लागतं.

---

सातारी_माती

मग आम्ही नेमकं काय करावं? १ मेला ग्रामसभा आहे. नुसतं ‘झरा वाचवा’ म्हटलं तर कुणी ऐकणार नाही. लोक म्हणतील नळ आलाय, आता झरा कशाला.

---

नौलाकाठ

नळाचं पाणी कुठून येतं ते आधी विचारा. २०१९ पासून जल जीवन मिशनमधून घरोघर तोट्या आल्या, चांगलंच झालं. पण डोंगरी गावांत अनेक ठिकाणी त्या तोटीच्या मागे तोच एक झरा किंवा तीच एक विहीर आहे. उगम आटला की तोटी शोभेला.

आणि आत्तापासून माप घ्यायला लागा. माहीत असलेल्या मापाची बादली झऱ्याखाली धरा, भरायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर पाहा, तारखेसह वहीत लिहा. आठवड्यातून एकदा, त्याच वेळी. सोबत पावसाची नोंद. शाळेतली मुलं हे उत्तम करतात. पाऊस पडल्यावर दोन दिवसांत झरा फुगून लगेच उतरत असेल तर कोठी लहान आणि जवळ आहे. हळूहळू वाढून मार्चपर्यंत टिकत असेल तर कोठी मोठी आहे. मेचा आकडा सगळ्यांत महत्त्वाचा. पुढे काम केलंत तर त्याच आकड्याशी ताडून पाहायचं, जुलैच्या नाही.

ग्रामसभेत ठराव मांडायचा तर पठारावर नवीन बोअर आणि मुरमासाठी खोदाई नको, असा मांडा. आहे ती कोठी सांभाळणं खड्डे खणण्यापेक्षा आधी.

---

खडकवेडा

जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं कार्यालय असतं. ग्रामसभेचा ठराव आणि तुमची मापांची वही घेऊन जा, भूवैज्ञानिक पाहणीला पाठवा असा लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पठारावरच्या बोअरींची खोली आणि केसिंग किती फूट आहे हेही विचारून ठेवा. बोअर मारणाऱ्या गाडीवाल्याला बहुतेक आठवत असतं, कुठल्या फुटाला तांबडी माती लागली आणि कुठे पाणी. ते लिहून घ्या, भूवैज्ञानिकाचं निम्मं काम होतं.

---

सातारी_माती

गाडीवाला आमच्याच शेजारच्या गावचा आहे. उद्या जातो. झऱ्याचं पहिलं माप आज संध्याकाळी घेतलं, १५ लिटरची बादली, ३ मिनिटं ४० सेकंद. इथंच लिहीत जाईन दर आठवड्याला.

---

सडेकर

सातारी दादा, मीपण आमच्या वाडीच्या झऱ्याचं माप सुरू करतो. नौलाकाठ ताई, मापांसाठी वेगळा धागा काढाल का? म्हणजे जांभ्यावरचे झरे एका जागी ताडून पाहता येतील.

---

नौलाकाठ

काढते. गाव, तालुका, खडक कोणता, झऱ्याच्या वर काय आहे, बादलीचं माप आणि लागलेला वेळ, एवढं प्रत्येकाने द्या. झऱ्याची नेमकी जागा मात्र उघड्यावर लिहू नका, पठारावर जमीन शोधणारेही हे धागे वाचतात.